दवाखान्याची वाट जोडीने चालावी

दवाखान्यात जायचे म्हटले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. दिवसाचे काम बुडणार, रांगेत ताटकळावे लागणार, आणि डॉक्टर काय सांगतील याची मनात धास्ती. पण हीच वाट सुखाची आणि उपयोगाचीही होते, असा आमचा अनुभव आहे. तोच आज तुम्हाला सांगतो.

आमच्या कारभारणीला रक्तदाबाचा विकार आहे. महिन्यातून एकदा तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे लागते. केंद्र वस्तीपासून तीन किलोमीटरवर. पूर्वी मी तिला मोटारसायकलवरून दारात सोडून बाजाराची कामे उरकीत असे. एकदा पौषात गाडी बिघडली, म्हणून दोघे पायीच निघालो.

कोवळे ऊन पडले होते. ज्वारी हुरड्यात आली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते, बांधावरच्या बोरी लगडल्या होत्या. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मी दहा पावले पुढे आणि ती मागे. ओढ्यापाशी ती चप्पल सावरायला थांबली, म्हणून मीही थांबलो. तेथून आम्ही बरोबरीने चालू लागलो. पिकापाण्याच्या गोष्टी झाल्या आणि बोलता बोलता ती म्हणाली, "अहो, रागावणार नसाल तर एक सांगते. पंधरा दिवस झाले, गोळी घेतलीच नाही मी. बरं वाटत होतं, म्हटलं उगीच कशाला?"

मी चाट पडलो. एका घरात राहून मला याचा पत्ता नव्हता! चूल, गुरे, सुना, नातवंडे यांच्या धबडग्यात बाईला आपले दुखणे बोलायला सवड कुठे असते? आणि डॉक्टरांपुढे ती एकटी गेली असती, तर भीतीने गप्पच बसली असती. चढलेला दाब पाहून आहे ती गोळी पुरत नाही असे त्यांना वाटले असते, आणि औषध वाढले असते.

त्या दिवशी तिने खरे ते सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावले, की रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही. दाब ताब्यात राहतो तो गोळीमुळे. आपल्या मनाने गोळी सोडली, की तो पुन्हा चढतो. पुढे पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा बिघाड ओढवू शकतो. तेव्हापासून महिन्याची ती सकाळ आम्ही दोघांसाठी राखून ठेवली आहे. गाडी दुरुस्त झाली, तरी आम्ही पायीच जातो.

तुम्हीही असे जाणार असाल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा.

पिशवीत जुने कागद, उरलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि पाणी घ्या. रक्तदाबाची रोजची गोळी तपासणीच्या दिवशीही चुकवू नका. साखरेसाठी उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल, तर भाकरी सोबत बांधून घ्या. मात्र मधुमेहाच्या गोळीचे किंवा इंजेक्शनचे त्या सकाळी काय करायचे, हे आधीच विचारून ठेवा.

चालून आल्या आल्या दंड पुढे करू नका. चालण्याने दाब तात्पुरता वाढतो. निदान ५ मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून स्वस्थ बसा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री वर्ज्य. वाटेत भरपूर बोला, पण दंडाला पट्टा बांधला की गप्प! वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर उपचार लागतो. एकाच मोजणीने घाबरून जाऊ नका.

मिठाचे प्रमाणही सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नको. यात लोणचे, पापड, ठेचा सारे आले.

खर्चाची धास्ती बाळगू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत.

मात्र छातीत कळ आली, दम कोंडला, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर पायी चालण्याचे नाव काढू नका. ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

परतीची वाटही वाया घालवू नये. डॉक्टरांनी काय सांगितले, कोणती गोळी कधी घ्यायची, हे एकमेकांना विचारावे. दोघांच्या ध्यानात राहिलेले सहसा विसरत नाही. आम्ही बांधावर बसून भाकरी खातो, दोन बोरे तोंडात टाकतो आणि उन्हे तापायच्या आत घर गाठतो.

बंधूंनो, दुखणे लपवण्यात आपणही काही कमी नाही. तेव्हा भगिनींनो, कारभाऱ्यांची तारीख असेल त्या दिवशी तुम्हीही सोबत निघा. आणि घरधन्यांनो, पुढच्या खेपेला दहा पावले पुढे चालू नका. बरोबरीने चाला, म्हणजे तिच्या मनातले तुमच्या कानावर येईल.