नियमित विद्युत् पुरवठा, ट्रँझिस्टरयुक्त

घरगुती पुरवठ्याचा दाब किंवा भार बदलला, तरी आपला प्रदान दाब जवळजवळ स्थिर ठेवणारे एकदिश विद्युत् मंडल. रोहित्र, एकदिशकारक व धारित्र यांपासून मिळणाऱ्या दाबात तरंगिका उरते. म्हणून हा दाब आणि भार यांच्यामध्ये एक शक्तिट्रँझिस्टर एकसरीत जोडतात. तो बदलत्या रोधकाप्रमाणे जादा दाब स्वतःवर घेतो आणि त्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. या उष्णतेचा हिशेब हाच अभिकल्पाचा गाभा होय.

उदाहरणार्थ, १२ व्होल्ट व १ अँपिअर देणारा पुरवठा घेऊ. रोहित्राची दुय्यम बाजू पूर्ण भाराला १५ व्होल्टांची असल्यास शिखर दाब २१.२ व्होल्ट येतो, पूल-एकदिशकारकात सु. २ व्होल्ट खर्ची पडतात. धारित्र ४,७०० मायक्रोफॅराडचे असल्यास तरंगिका फार तर २.१ व्होल्ट राहते. घरगुती दाब १०% उतरला असता तरंगिकेच्या तळाशी १५ व्होल्टच उरतात. ट्रँझिस्टरला नियंत्रणासाठी सु. ३ व्होल्ट लागत असल्याने याहून लहान रोहित्र चालणार नाही.

तोच दाब १०% चढला की सरासरी २०.३ व्होल्ट येतात व ट्रँझिस्टरमध्ये ८.३ वॉट उष्णता निर्माण होते. '२एन ३०५५' हा ट्रँझिस्टर ११५ वॉटांचा म्हणून विकला जातो. परंतु हा आकडा त्याचे कवच २५° से. वर राखले तरच खरा असतो. संधीपासून हवेपर्यंतचा औष्णिक रोध (अभ्रकाची चकती व पंखयुक्त निःसारक धरून) दर वॉटला ६° से. मानल्यास ४०° से. च्या हवेत संधी ९०° से. पर्यंत तापते. हे सुरक्षित आहे.

प्रदान लघुमंडलित झाल्यास मात्र संपूर्ण दाब ट्रँझिस्टरवर येतो. वितळतार वितळण्यापूर्वीच तो निकामी होतो. पुष्कळदा त्याचे संग्राहक व उत्सर्जक आतून जोडले जातात. मग लघुमंडल दूर केल्यावर भाराला १२ ऐवजी २० व्होल्ट मिळतात आणि उपकरणही जळते. यासाठी मार्गात ०.५ ओहमचा रोधक घालतात. १.२ अँपिअर प्रवाहाला त्यावर ०.६ व्होल्ट येतात, दुसरा लहान ट्रँझिस्टर वाहू लागतो व मुख्य ट्रँझिस्टरचा आधारप्रवाह वळवून घेतो. तरीही २४ वॉट उष्णता उरतेच. संधी १८४° से. पर्यंत, म्हणजे २००° से. या कमाल मर्यादेच्या जवळ जाते. निःसारक मोठा घेणे शहाणपणाचे.

आधाराचा दाब झेनर द्विप्रस्थ ठरवतो. प्रवाह-लाभांक २० धरल्यास आधाराला ५० मिलिअँपिअर लागतात, म्हणून झेनरचा रोधक ४० ओहमांच्या आसपास ठेवावा लागतो. भार काढताच हा सर्व प्रवाह झेनरमधून जाऊन तो अडीच वॉटांहून अधिक तापतो. आणखी एक ट्रँझिस्टर डार्लिंग्टन पद्धतीने जोडल्यास ही अडचण टळते. मात्र तेव्हा झेनरचा दाब सु. ०.७ व्होल्टने वाढवावा लागतो.

आता बहुतेक उपकरणांत स्विचन पद्धतीचे कार्यक्षम पुरवठे असतात. विद्युत् गोंगाट अत्यल्प हवा असलेल्या प्रयोगशाळेतील व ध्वनिविषयक साधनांत एकसरी ट्रँझिस्टर अद्याप वापरतात.