धुतलेली नोट

जळगावच्या दाणा बाजारात मित्राच्या गल्ल्याशेजारी मी दिवसभर बसलो होतो. कापसाचे पैसे हातात आलेले शेतकरी किराण्याची उधारी फेडायला येत होते. गल्ल्यावर नोटा मोजायचं मशीन आणि त्याच्या बाजूला जांभळ्या दिव्याची छोटी पेटी.

गड्डी ठेवली की फर्रकन नोटा पडतात. मधेच मशीन थांबून पींपीं करतं. मग मित्र ती नोट पेटीतल्या दिव्याखाली धरतो. खऱ्या नोटेचा कागद तिथे मंदच राहतो. उजळतात ते नंबर आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू. नोटेचा कागदही कापसाचाच, आणि त्याला पांढरंशुभ्र दाखवणारं रसायन लावत नाहीत. साधा पांढरा कागद मात्र दिव्याखाली निळसर पेटून उठतो.

दुपारी धुळ्याकडच्या एक मावशी आल्या. त्यांची 500ची नोट पेटीत सगळीच्या सगळी उजळली. मावशींचा चेहरा उतरला. "भाऊ, खोटी शे का?"

मित्राने नोट परत फेकली नाही. विचारलं, "मावशी, धुण्यात गेली होती का?"

लुगड्याच्या गाठीत राहिली होती म्हणे. धुण्याच्या पावडरीतही कपडे उजळ दाखवणारं रसायन असतं आणि ते नोटेत मुरतं. दिव्याला दिसतो तो पावडरीचा उजेड. म्हणून मित्राने दिवा बंद केला आणि अंगठा लावला. 500च्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या उठावदार रेघा असतात, 100ला चार. धुवूनही त्या बोटाला लागत होत्या. मग नोट तिरकी केली: तार हिरव्याची निळी झाली, खालचा 500चा आकडाही तसाच बदलला. शेवटी उजेडासमोर धरली, तर कोऱ्या भागात गांधीजी आणि 500चा आकडा दिसला.

धुळ्याला पाचकंदीलजवळच्या एका मिरची-मसाल्याच्या दुकानात तर मी मशीनच हरलेलं पाहिलं होतं. तिखटाची धूळ आत बसली की चांगल्या नोटाही ते नाकारतं. मालक रोज सकाळी मऊ ब्रशने ते झाडतात. मशीन शंका दाखवतं, एवढंच त्याचं काम. निकाल माणसाने, नोट देणाऱ्याच्या समोर आणि ती गल्ल्यात पडण्याआधी द्यायचा, असं मला मनापासून वाटतं. कारण खोट्या नोटेचा फटका नेहमी शेवटच्या हाताला बसतो. बँकेत अशी नोट निघाली की तिच्यावर शिक्का मारून ती ठेवून घेतात, पावती देतात, बदल्यात पैसे मात्र मिळत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत निघाल्या तर महिन्याच्या अहवालातून पोलिसांना कळवतात. पाच किंवा जास्त निघाल्या तर लगेच तक्रार. ठाऊक असून पुढे सरकवणं तर गुन्हाच. माझ्या वडिलांची अशी एक नोट अडकली होती. ती पावती त्यांनी वर्षभर पाकिटात जपली. जाणून कुणाला फसवलं नाही, याचा तेवढाच पुरावा त्यांच्याकडे होता.

मित्राने मावशींची नोट गल्ल्यात टाकली, वहीतली उधारी खोडली आणि 100ची नोट परत दिली. मावशींनी ती आधी कडेवर चाचपली, दारातल्या उन्हाकडे धरून पाहिली आणि मग कमरेच्या पिशवीत ठेवली.