छातीवर बसलेली ‘मारा’

इंग्रजी ‘नाइटमेअर’मधली ‘मेअर’ म्हणजे घोडी नव्हे. ती झोपलेल्याच्या छातीवर बसून श्वास कोंडणारी हडळ. जुन्या नॉर्स भाषेत ‘मारा’.

आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन या लेखकाने १३व्या शतकात लिहून ठेवलेला वानलांदी राजाचा किस्सा अंगावर काटा आणतो. माणसांनी राजाचं डोकं धरलं की मारा पाय तुडवी. माणसं पायांकडे धावली, तेव्हा माराने डोकंच दाबून त्याचा जीव घेतला.

फ्रेंच ‘कोशमार’मध्येही हीच बया आहे. जर्मन ‘आल्पट्राउम’मध्ये तिच्या जागी ‘आल्प’ हे भूत. इंग्रजीत शब्दाचा अर्थ आधी भूत, मग गुदमरणं आणि शेवटी नुसतं वाईट स्वप्न, असा निवळत गेला.

घोडा मात्र हटला नाही! हेन्री फ्यूसेलीच्या १७८१च्या चित्रात निजलेल्या स्त्रीच्या छातीवर पिशाच्च बसलंय आणि पडद्याआडून घोड्याचं डोकं डोकावतंय.