चांदण्या रात्रीचा मुक्काम आणि उधाणाची भरती

दादरा व नगर हवेलीला समुद्रकिनारा नाही. किलवणीहून तंबू घेऊन निघालेल्या मित्रांची गाडी त्यामुळे बहुधा भिलाड, उंबरगावमार्गे बोर्डीला पोहोचते. मुक्कामासाठी पौर्णिमा निवडली जाते, आणि नेमकी तीच रात्र अवघड असते.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एकवटून उधाण येते. या पट्ट्यात त्या दिवशी ओहोटी सायंकाळी, तर भरती मध्यरात्रीनंतर असते. बोर्डीचा किनारा सपाट असल्याने ओहोटीला पाणी फार दूर जाते. सायंकाळी प्रशस्त वाटलेली ती वाळू झोपेच्या वेळी पाण्याखाली जाते.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला सहा. तो मुंबईच्या आसपास जुळतो. खंभातच्या आखाताकडे जावे तशी भरती उशिरा येते व पाणीही अधिक चढते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी बेताचे चढते.

मागील भरतीने टाकलेल्या काटक्या-कचऱ्याची रेघ वाळूवर दिसते. तंबू तिच्याही बराच वर, सुरूच्या बनाजवळ ठोकावा. गाडी मात्र वाळूत उतरवूच नये. ओल्या वाळूत रुतलेले चाक भरतीपूर्वी निघेलच असे नाही.