तुसापासून वीज

मित्रांनो, धान भरडले की तांदूळ निघतो, कोंडा निघतो आणि तूस निघते. तांदूळ आपण खातो. कोंडा गाईम्हशी खातात. तूस मात्र गुरंसुद्धा खात नाहीत. त्यात वाळूतला सिलिका नावाचा पदार्थ असतो. म्हणून ते लवकर कुजतही नाही. आमच्या गिरणीमागे तुसाचा मोठा ढीग आहे. वारा सुटला की तूस डोळ्यांत जाते. पण या तुसापासून वीज होते, असं गुरुजींनी सांगितलं.

बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यात तमकुहा नावाचे गाव आहे. तिथे विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या. लोक रॉकेलची चिमणी लावायचे. धान मात्र भरपूर पिकायचे. ज्ञानेश पांडे हे बिहारचेच. ते इंजिनियर होऊन अमेरिकेत नोकरीला गेले होते, पण परत आले. त्यांनी व त्यांच्या मित्रांनी २००७ साली तमकुहात तुसावर चालणारे वीजघर सुरू केले. गावात दिवे लागले.

आता वीज कशी होते ते पाहू. एक मोठी लोखंडी टाकी असते. तिच्यात तूस टाकून पेटवतात, पण हवा थोडीच सोडतात. त्यामुळे तूस पूर्ण जळत नाही, त्याचा गॅस होतो. त्यात डांबरासारखा चिकट मळ असतो. तो पाण्याने धुऊन आणि गाळून काढतात. मग गॅसवर इंजिन चालते. इंजिन जनित्राला फिरवते आणि वीज तयार होते. हा गॅस विषारी असतो, म्हणून टाकीजवळ मुलांनी जायचं नाही. उरलेल्या काळ्या भुकटीपासून तिथल्या बायकांनी उदबत्त्या केल्या.

गुरुजींनी फळ्यावर गणित घातलं. १ क्विंटल धानातून सुमारे २० किलो तूस निघते. २ किलो तुसापासून साधारण १ युनिट वीज होते. म्हणजे १० युनिट झाली. १ युनिटवर १० वॅटचा बल्ब १०० तास चालतो. १० युनिटवर १००० तास चालेल. रोज ४ तास लावला तर १००० भागिले ४, बरोबर २५० रात्री! आपल्या शाळेचे दिवससुद्धा तेवढे नसतात.

मी विचारलं, "गुरुजी, मग तणसही जाळायची का?" गुरुजी म्हणाले, "नाही. तणस बैलांची. त्यांचा घास काढून दिवा लावायचा नाही. जे कुणाच्याच तोंडी जात नाही, ते घ्यायचं."

नुसतं यंत्र आणून भागत नाही. तूस कोरडं ठेवावं लागतं, मळ वरचेवर काढावा लागतो. त्यासाठी गावातलीच माणसं शिकवून तयार करावी लागतात. म्हणजे गावात कामही मिळतं.

पावसाळ्यात वादळानं तार तुटली की आपल्याकडे अंधार होतो, अभ्यास राहतो. आपल्या तुसाची वीज आपल्याच गावात झाली तर लांबच्या तारेची वाट पाहावी लागणार नाही. म्हणून मित्रांनो, तुसाच्या ढिगाला कचरा म्हणू नका. त्यात उजेड आहे.

इयत्ता चौथी