हळद, चुना आणि चवदार तळे

प्रयोगशाळा नाही म्हणून आपली मुले विज्ञानात मागे राहतात, ही तक्रार आपण सभांमधून नेहमी ऐकतो. तक्रार खोटी नाही. पण घरातली हळद, पानाच्या चंचीतला चुना आणि अर्धे लिंबू यांचे काय? प्रयोगशाळा मिळेपर्यंत मुलांनी थांबायचे का?

हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासावी आणि कागद वाळवावा. त्यावर काडीने साबणाचे दाट पाणी ओढले की लाल रेघ उमटते. चुन्याच्या निवळीने ती अधिक गडद होते. (चुना मोठ्यांनीच हाताळावा, डोळ्यात गेला तर इजा होते.) त्याच रेघेवर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी! हळदीतले कुरकुमीन हे रंगद्रव्य क्षारात लाल होते, आम्लात पिवळे राहते. पिवळा डाग साबण लागताच लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक आईने पाहिलेले आहे.

नेमक्या एवढ्याशा ज्ञानावर भोंदूबाबाचे दुकान चालते. हळदीवर निवळी शिंपडून 'रक्त' काढायचे, करणी झाली म्हणून सांगायचे आणि गोरगरिबांच्या गळ्यातले डोरले उतरवून घ्यायचे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा चमत्कार दाखवून पैसे उकळणे गुन्हा ठरवले. सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या. पण वकील म्हणून सांगतो, चमत्कार मानणारा माणूस तक्रार करायला येतच नाही. कायदा फसवणुकीनंतर सुरू होतो. हा हळदीचा कागद त्याच्या आधी कामाला येतो. संविधानाच्या कलम ५१-क ने वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे, ते पदवी घेतल्यावर सुरू होत नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीला दूध पाजायला रांगेत पदवीधरही होतेच की!

आता दुसरा प्रयोग. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे 'बाटले' म्हणून सनातन्यांनी नंतर त्यात गोमूत्र, शेण, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतल्या आणि ते 'शुद्ध' झाल्याचे जाहीर केले. ही शुद्धी मुलांना घरी तपासता येते. उकळून गार केलेले पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात फक्त दोन चमचे दूध घाला. शेणाची गरज नाही. दोन दिवस झाकून ठेवा, नंतर लांबूनच वास घ्या. दुधाचा पेला नासलेला असेल, कारण जंतूंना त्यात अन्न मिळाले. हे पाणी कुणी पिऊ नये.

मग तिसरा पेला ठेवा. त्यात पाणी वस्तीतल्या कुणाच्याही हातून ओतून घ्या आणि हळदीचा कागद बुडवा. ओतणाऱ्याची जात कोणत्या रंगात दिसते, हे मुलांनाच विचारा.

या प्रयोगांना मुलगा आणि मुलगी दोघेही चुलीपाशी बसले पाहिजेत. आईला कारण सांगता आले नाही तरी हरकत नाही. वहीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: काय घातले, किती घातले, काय दिसले. कारण सोमवारी शाळेत बाईंना विचारता येईल.