जुनी टर्बो गाडी : आधी मूळपदावर, मग पुढे

आजचा विषय हौसेचा आहे. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो खरं, पण सेकंड हँड टर्बो गाडीच्या बाबतीत हौसेचं मोल गॅरेजच्या बिलावर अगदी स्पष्ट लिहून येतं. ते बिल आटोक्यात कसं ठेवायचं, गाडी दीर्घकाळ कशी चालवायची आणि तिच्यात बदल करायचेच असतील तर कोणत्या क्रमाने करायचे, हे आज पाहू.

उदाहरणाला आपण तीन गाड्या डोळ्यांसमोर ठेवू. तिन्ही आपल्याच महाराष्ट्रात तयार झाल्या. पहिली, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला जोडणी झालेली पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस : १.८ लिटरचं, २० व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती. दुसरी, चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. ही २०१३ मध्ये आली, १.२ लिटर आणि १०५ अश्वशक्ती घेऊन. तिसरी, रांजणगावची अबार्थ पुंटो, २०१५ ची, १.४ लिटर आणि १४५ अश्वशक्तीची. आज यातली एकही गाडी बनत नाही. म्हणजे ज्याला हवी, त्याने जुनीच घ्यायची. आणि जी बिघडवली, ती एक गाडी कायमची कमी झाली. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

टर्बो नेमकं काय करतो?

इंजिनाची ताकद शेवटी एकाच गोष्टीवर ठरते : सिलिंडरमध्ये हवा किती शिरते. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जाळता येतं. साधं इंजिन बाहेरच्या दाबाने जेवढी हवा मिळेल तेवढीच घेतं. टर्बो काय करतो, तर सायलेन्सरकडे वाया चाललेल्या गरम वायूवर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

आता यातल्या अडचणी बघा. तो दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो. एका बाजूला ९०० अंशांच्या आसपास तापलेला वायू, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. आणि बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा कशावर तोललेला असतो? ऑइलच्या पातळ थरावर. तो थर आहे तोवर धातू धातूला लागत नाही. ऑइल काळं पडलं, कमी झालं किंवा चुकीच्या ग्रेडचं भरलं, की पहिला बळी टर्बोचा.

दुसरी अडचण उष्णतेची. हवा दाबली की तापते. आपल्याकडे मे महिन्यात ३५-४० अंशांची हवा आत जाते, आणि दाबून बाहेर येताना ती सहज शंभरी ओलांडते. म्हणून मध्ये इंटरकूलर असतो. हवा फार गरम राहिली, तर सिलिंडरमधलं पेट्रोल ठिणगीच्या मर्जीने न जळता आपल्या मर्जीने पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडी मारल्यासारखा तो धक्का असतो. इंजिनाचा संगणक नॉक सेन्सरवरून हे ओळखतो आणि ठिणगी उशिरा टाकतो. ताकद कमी होते, पण इंजिन वाचतं.

थोडक्यात, टर्बो गाडीचं आरोग्य दोन गोष्टींत आहे, ऑइल आणि उष्णता. पुढे जे काही सांगणार आहोत ते या दोन्हींभोवतीच फिरतं.

१९६२ मधला एक धडा

अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो कार बाजारात आली. टर्बो असलेल्या पहिल्या प्रवासी गाड्यांपैकी ती एक. नॉकिंग टाळायला कंपनीने युक्ती केली : पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात फवारायचं. युक्ती चांगली होती. पण टाकी भरायची कोणी? मालकाने. बरेच मालक ती भरेनात. टाकी रिकामी झाली की यंत्रणा टर्बोचा दाब कमी करायची आणि गाडी मंद व्हायची. तक्रारी वाढल्या, आणि शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली.

धडा सरळ आहे. टर्बो गाडी मालकाकडून थोडी जास्त शिस्त मागते. पहिल्या मालकाने ती पाळली होती का, हे शोधणं म्हणजेच जुनी गाडी तपासणं.

घेताना काय बघायचं?

गाडी बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा, इंजिन सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन जे बोलतं ते गरम इंजिन लपवतं. सुरू करताना चेनचा किंवा टॅपेटचा खडखडाट येतो का, तो किती वेळ टिकतो, हे ऐका. मग धूर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी दोन-तीन मिनिटं उभी ठेवून एकदम ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला, तर व्हॉल्व्हची सीलं किंवा टर्बोची सीलं, दोन्हींचा संशय घ्या. गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर राहिला तर कूलंट आत जात असेल, म्हणजे हेड गॅस्केट.

ऑइलचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. काळा चिकट थर दिसला, तर खाली चेंबरमधली जाळीही बुजत आलेली असू शकते, आणि त्या जाळीतूनच टर्बोला ऑइल जातं.

स्कॅनर लावा. पण नुसते एरर कोड बघू नका. एरर कालच पुसून टाकलेले असतील, तर संगणकाच्या स्वतःच्या काही चाचण्या अपूर्ण दिसतात. स्कॅनरवर ते कळतं. सगळं अपूर्ण दिसलं तर विचारा, का पुसलं?

पोलो जीटी टीएसआयमध्ये ७ गिअरचा डीएसजी आहे, कोरड्या क्लचचा. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना हे क्लच झिजतात आणि तापतात. म्हणून चाचणी मोकळ्या रस्त्यावर नको. चढावर, गर्दीत घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर आली तर पुढचा खर्च लिहून ठेवा.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर आणि टायर आठ वर्षांचा, असं खूपदा सापडतं. ताकदवान गाडीला असा टायर नको.

कागदपत्रांत आरसीवरचा बँकेचा बोजा उतरला आहे का, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आहेत का, इंजिन आणि चासी क्रमांक जुळतात का, हे बघालच. ऑक्टाव्हियासारखी जुनी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी आरटीओची तपासणी आणि नूतनीकरण. ते झालेलं आहे की तुमच्या गळ्यात पडणार आहे, हे सौद्याआधी ठरवा.

पहिलं वर्ष : मूळपदावर

आम्ही सगळ्यांना एकच सांगतो. गाडीच्या किमतीच्या पाव हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवा आणि पहिलं वर्ष गाडी कारखान्यातून निघाली तशी करण्यात घालवा.

सुरुवात ऑइलपासून. मॅन्युअलमध्ये जो दर्जा लिहिला आहे तोच भरा. नुसतं ५डब्ल्यू-४० जुळून भागत नाही. कंपनी १५,००० किलोमीटर म्हणत असली तरी आपली धूळ, गर्दी आणि उकाडा बघता त्याच्या निम्म्यावर बदला. वर्षातून एकदा तरी बदलाच, गाडी चालो न चालो. खंबाटकीचा घाट जोरात चढून आलात तर लगेच चावी फिरवू नका. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, मिनिटभर इंजिन चालू ठेवा. तापलेल्या टर्बोत ऑइल थांबलं तर ते जळून कोळसा होतं आणि बारीक वाट बुजते.

मग रबर. वीस वर्षांच्या गाडीत धातूपेक्षा रबर आधी जातं. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, इंटरकूलरचे होज, इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश. होज फाटला की हवा गळते, पिकअप जातो, आणि लोक म्हणतात टर्बो गेला. आधी स्मोक टेस्ट करून घ्या. पाइपांत धूर सोडायचा, जिथून बाहेर येईल तिथे गळती. काहीशे रुपयांच्या नळीसाठी हजारोंचा टर्बो बदललेले लोक आम्ही पाहिले आहेत.

ऑक्टाव्हियाच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि हेड उघडावं लागतं. बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदललाच नाही असं धरा. त्याबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदला; काही पंपांचा पंखा प्लॅस्टिकचा होता, तो झिजतो. पुढे स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, कूलंट, ब्रेक ऑइल.

एवढं झाल्यावर बहुतेकांना कळतं की आपल्याला रिमॅप नको होता. कारखान्याने दिलेली १५० अश्वशक्तीच आपण कधी अनुभवली नव्हती.

मग बदल, पण कोणत्या क्रमाने?

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातली गणितं बदलणं : दाब वाढवायचा, ठिणगी थोडी आधी टाकायची. टर्बो इंजिनात याने फरक खरंच मोठा पडतो, म्हणून मोह होतो. युरोपात याच ऑक्टाव्हिया आरएसला १८० अश्वशक्ती होती, मग आपल्याला का नको, असं लोक विचारतात. पण तो आकडा एकटा येत नाही. त्यामागे टर्बोचा आकार, इंजेक्टर, तिथलं पेट्रोल आणि तिथली थंड हवा असते. आपल्याकडे कंपनीने ठेवलेली मोकळीक ही उन्हाळ्यासाठी आणि साध्या पेट्रोलसाठी होती. ती तुम्ही ताकदीत खर्च केलीत, तर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कायम भरावं लागेल. गावी जाताना वाटेत ते मिळालं नाही तर?

आणि भार पुढे कुठे जातो ते बघा. पोलोचा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनलेला आहे. इंजिनाचा मूळ टॉर्क १७५. मधली जागा म्हणजे आयुष्य. ती भरलीत तर क्लच लवकर जातील.

म्हणून क्रम असा. आधी टायर आणि ब्रेक : चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑइल. मग थंडावा : रेडिएटर स्वच्छ, इंटरकूलर मोठा. मग सस्पेन्शन. ताकद सगळ्यात शेवटी, आणि तीही गाडीवर प्रत्यक्ष लॉग घेऊन फाइल जुळवणाऱ्याकडून.

कायदाही लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं तर सोडूनच द्या. आवाज वाढतो, धूर विषारी होतो, पीयूसी अडते. शिवाय अपघात झाला आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल सापडला, तर दावा अडकतो. समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईचाही प्रश्न त्यात येतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*फुस्स आवाजाचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला तर?*

ऑक्टाव्हियासारख्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. संगणकाने हवा मोजली, तेवढं पेट्रोल काढलं, आणि तुम्ही ती हवा बाहेर सोडून दिलीत. पेट्रोल जास्त झालं, गाडी अडखळली. मूळ व्हॉल्व्ह ती हवा आतच परत फिरवतो. तो फाटला असेल तर तसाच नवा बसवा.

*इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय?*

इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, म्हणजे नॉकिंगच्या दृष्टीने ते वाईट नाही. पण त्यात उष्मांक पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. जुन्या गाडीचं रबर २० टक्के इथेनॉलसाठी बनलेलं नव्हतं. पेट्रोलचे पाइप आणि सीलं तपासत राहा, आणि गाडी महिनोन्महिने टाकी भरून उभी ठेवू नका.

*कमी चाललेली गाडी घ्यावी का?*

किलोमीटर बघा, पण बिलं जास्त बघा. रोज दोन किलोमीटर चाललेल्या गाडीचं ऑइल कधी नीट तापतच नाही, आणि बेल्ट किलोमीटरने जुना होतो तसा वर्षांनीही होतो. नियमित बिलं असलेली एक लाखाची गाडी, बिलं नसलेल्या चाळीस हजारांच्या गाडीपेक्षा आम्ही केव्हाही आधी बघू.

वेळ संपत आली. घरी गेल्यावर एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती खर्च आला. पुढच्या मालकाला हीच वही सगळ्यात मोलाची वाटेल, आणि तोवर ती तुम्हालाच सांगत राहील की गाडी मूळपदावर आली की नाही.